सोबत चालणारी ॲलिक्स: ‘हाफ-लाइफ २: एपिसोड वन’ आतून कसा चालतो

१ जून २००६ रोजी व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २: एपिसोड वन’ आला. चार-पाच तासांत संपणारा गेम, तेव्हाची किंमत १९.९९ डॉलर. त्यात एकही नवी बंदूक नाही. शहर आधीचंच, सिटी १७. शत्रूही बहुतेक ओळखीचे. नवा म्हणावा असा एकच, कंबाइन या परग्रही सत्तेच्या सैनिकाचा झालेला झोंबी. हे ऐकून कुणालाही वाटेल की मोठ्या गेममधून उरलेलं सामान जोडून विकायला काढलं असणार. प्रत्यक्षात इथे बाकीचं सगळं मुद्दाम जुनं ठेवून एकच गोष्ट नव्याने बांधली आहे: ॲलिक्स व्हान्स. जवळजवळ पूर्ण गेमभर खेळाडूसोबत चालणारं, बोलणारं आणि लढणारं पात्र. सोबतीला दिलेल्या पात्राचा वैताग येतो हा शूटर गेममधला नेहमीचा अनुभव. तो इथे का येत नाही, हे समजून घेतलं की हा गेम तर कळतोच, शिवाय पुढे तिसरा एपिसोड का आला नाही याचाही उलगडा होतो.

पुढे कथेतले बहुतेक सगळे वळणबिंदू उघड होणार आहेत. ज्यांना कोऱ्या मनाने खेळायचं आहे त्यांनी आधी खेळून यावं.

तुकड्यांत गेम काढायचा म्हणजे काय

पहिला हाफ-लाइफ नोव्हेंबर १९९८ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २००४ मध्ये. मधली वर्षं फक्त लेव्हल म्हणजे खेळाचे टप्पे रचण्यात गेली नाहीत. सोर्स इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, तयार झालं, वस्तूंच्या पडण्या-आदळण्याचं हॅवॉकचं भौतिकशास्त्र त्यात बसवलं गेलं, चेहऱ्यांची यंत्रणा घडवली गेली. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची जी पद्धतशीर वर्गवारी केली होती, तिच्या आधारावर हाफ-लाइफ २ मधले चेहरे उभे राहिले. भुवई उचलणं, ओठाचा कोपरा खाली जाणं, डोळे बारीक होणं हे वेगवेगळे घटक, आणि त्यांच्या मिश्रणातून भाव.

ही अवजारं हातात आल्यावर दर वेळी शून्यापासून सुरू करायचं कारण उरलं नाही. म्हणून ठरलं की पुढची कथा छोट्या भागांत द्यायची. २००७ च्या नाताळापर्यंत तीन भाग पूर्ण करायचे असा बेत होता. पहिल्या भागाचं आधीचं नाव ‘आफ्टरमाथ’. पुढे ते बदलून ‘एपिसोड वन’ झालं. हे तीन भाग मिळून एका अर्थाने हाफ-लाइफ ३ च आहेत, असं कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २००६ मध्ये सांगितलं होतं. तुकड्यांत गेम काढण्याची तेव्हा हवाच होती. मे २००६ मध्ये रिच्युअल कंपनीने ‘सिन एपिसोड्स’चा पहिला भाग काढला, त्याचा दुसरा भाग कधीच आला नाही.

या पद्धतीत बचत कुठे होते आणि कुठे होत नाही, हे नीट पाहायला हवं. इंजिन, शस्त्रं, शत्रूंची मॉडेल आणि त्यांच्या हालचाली एकदा बनल्या की पुन्हा वापरता येतात. लेव्हल मात्र दर वेळी नवी लागते. खेळाडू कुठे वाट चुकतो, कुठे दार त्याच्या लक्षातच येत नाही, कुठे दारूगोळा कमी पडतो, हे बाहेरच्या माणसाला बसवून खेळवल्याशिवाय कळत नाही. ते कळलं की लेव्हल बदलायची आणि पुन्हा खेळवायचं. संवाद आणि आवाजही दर वेळी नवे. थोडक्यात, अर्धा खर्च वाचतो आणि अर्धा तसाच राहतो. आणि गेम छोटा म्हणून खेळाडूची अपेक्षा छोटी होत नाही. त्याला काहीतरी नवं हवंच असतं. रॉबिन वॉकर यांच्या नेतृत्वाखालच्या एपिसोड वनच्या टीमने हे नवेपण एकाच ठिकाणी ओतायचं ठरवलं.

कथा, लागेल तेवढीच

हाफ-लाइफ २ च्या शेवटी सिटाडेल या महाकाय मनोऱ्याच्या माथ्यावर स्फोट होतो आणि जी-मॅन हा गूढ माणूस गॉर्डन फ्रीमनला, म्हणजे खेळाडूच्या पात्राला, काळाच्या बाहेर ठेवून देतो. एपिसोड वनमध्ये व्हॉर्टिगॉन्ट हे मित्र परग्रहवासी त्याला तिथून सोडवतात. ढिगाऱ्यातून ‘डॉग’ हा यंत्रमानव त्याला उपसून काढतो आणि ॲलिक्स भेटते. सिटाडेलचा गाभा अस्थिर झालेला असतो. तो फुटला तर सगळं शहर जाणार. म्हणून आधी परत मनोऱ्यात जाऊन स्फोट लांबवायचा, मग शहरातून बाहेर पडायचं. गाभा कंबाइन लोक मुद्दामच फोडत आहेत हे मध्येच कळतं: त्या ऊर्जेवर त्यांना आपल्या जगाकडे मदतीचा संदेश पाठवायचा आहे. ॲलिक्स त्या संदेशाची प्रत घेते. एपिसोड टूची सगळी कथा त्या प्रतीवर उभी आहे.

सोबतीचं पात्र का बिघडतं

अशा पात्राने वैताग आणण्याचे मार्ग ठरलेले आहेत. दारात उभं राहून वाट अडवणं. मागे राहून हरवणं. गोळ्यांपुढे धावत जाऊन मरणं आणि खेळाडूला पुन्हा मागून सुरुवात करायला लावणं. तेच वाक्य विसाव्यांदा बोलणं. खेळाडूच्या वाट्याचं सगळं काम स्वतःच करून टाकणं, किंवा उलट काहीच न करणं. एपिसोड वनने यातल्या प्रत्येकावर वेगळा उपाय केला आहे.

आधी चालणं. सोर्स इंजिनमधल्या पात्राला आपल्यासारखं जग दिसत नाही. लेव्हल बनवणारा हॅमर या संपादकात जमिनीवर ठिकठिकाणी ‘नोड’ म्हणजे न दिसणारे बिंदू ठेवतो. गेम या बिंदूंना जोडणारं जाळं तयार करून फाइलमध्ये साठवतो आणि पात्र त्या जाळ्यावरून वाट शोधतं. अरुंद दारात बिंदू नीट ठेवला नसेल, किंवा खेळाडूने तिथे खोकं टाकलं असेल, तर पात्र अडकतं. खेळाडूचा उभा साचा, म्हणजे धडक मोजायची न दिसणारी चौकट, गेमच्या मोजमापात ३२ युनिट रुंद आणि ७२ युनिट उंच असतो, वाकल्यावर उंची ३६. पात्राचा साचा थोडा अरुंद, पण दोघं एका दारातून एकदम जाऊ शकत नाहीत. म्हणून खेळाडू अंगावर रेटायला लागला की सोबतीच्या पात्राला तशी सूचना मिळते आणि ते बाजूला सरकायची जागा शोधतं. हाफ-लाइफ २ मध्ये चार-चार नागरिक जिन्यावर कोंडी करायचे. ॲलिक्स एकटीच असल्यामुळे हा प्रश्न आधीच निम्मा झाला.

दुसरं, पुढे चालणं आणि मागे चालणं या दोन वेगळ्या वागणुका आहेत. पाठोपाठ येताना ती खेळाडूभोवती ठरावीक अंतर ठेवते. वाट दाखवताना लेव्हल बनवणारा तिला वेगवेगळी अंतरं देतो: खेळाडू इतक्या जवळ असेल तर पुढे चालत राहा, इतका मागे पडला तर थांबून हाक मार, त्याहूनही लांब गेला तर परत जाऊन त्याला गाठ. हे आकडे चुकले की खेळ लगेच बिघडतो. थांबण्याचं अंतर फार कमी ठेवलं तर ती दर दोन पावलांवर थबकते. फार जास्त ठेवलं तर कोपऱ्यापलीकडे दिसेनाशी होते आणि खेळाडू तिला शोधत बसतो.

तिसरं, जीव. ॲलिक्सची प्रकृती आपोआप भरून येते आणि तिच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत. ती मरू शकते, आणि मेली तर गेम तिथेच थांबून मागच्या सेव्हवर जातो. पण त्यासाठी तिला बराच वेळ एकटीला शत्रूंच्या घोळक्यात सोडावं लागतं. म्हणजे तिची काळजी घेण्याचं भान राहतं, ओझं होत नाही. या संतुलनाला आम्ही एपिसोड वनचं सर्वांत मोठं यश मानतो. अमर पात्राबद्दल कुणाला काही वाटत नाही आणि नाजूक पात्राचा राग येतो.

ती काय बोलायचं हे कसं ठरवते

ॲलिक्सचं बोलणं दोन प्रकारचं आहे. कथेतले मोठे प्रसंग आधीपासून बसवलेले असतात. फेसपोझर या अवजारात आवाजाच्या फाइलवरून ओठांच्या हालचाली काढतात, मग त्याच पट्टीवर नजर, हातवारे आणि चालणं मांडतात. असा प्रसंग चालू असताना खेळाडू खोलीत इकडेतिकडे फिरला तरी ॲलिक्सची मान आणि डोळे त्याच्या मागे वळतात. बहुतेक श्रेय या नजरेलाच द्यायला हवं. नजर स्थिर राहिली असती तर उत्तम संवादही पुतळ्याच्या तोंडून आल्यासारखे वाटले असते.

दुसरा प्रकार चालता-बोलता येणाऱ्या वाक्यांचा. त्यामागे नियमांची यादी असते, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली. काही घडलं की गेम त्या क्षणाची माहिती गोळा करतो: कोणता शत्रू मेला, तो किती लांब होता, खेळाडूची प्रकृती किती, कोणती लेव्हल चालू आहे, अंधार आहे का. मग प्रत्येक नियमाच्या अटी या माहितीशी ताडून पाहतो. पत्रिका जुळवताना गुण मोजतात तसे इथे जुळलेल्या अटींचे गुण धरले जातात आणि सर्वाधिक गुणांचा नियम बोलतो. एका नियमाखाली अनेक वाक्यं ठेवता येतात. तेच वाक्य पुन्हा येऊ नये अशी खूण करता येते, बोललेलं किती सेकंद पुन्हा बोलायचं नाही ते सांगता येतं आणि नियम जुळला तरी शेकड्यात किती वेळाच तोंड उघडायचं हेही ठरवता येतं.

हा शेवटचा आकडा अननुभवी माणूस हमखास चुकवतो. प्रत्येक घटनेवर शंभर टक्के बोलणारं पात्र पहिल्या दहा मिनिटांत जिवंत वाटतं आणि विसाव्या मिनिटाला डोकं उठवतं. कौतुकाचंही तसंच आहे: प्रत्येक मेलेल्या झोंबीमागे शाबासकी मिळाली तर ती खोटी वाटायला लागते. ॲलिक्स बऱ्याच वेळा गप्प असते, म्हणून ती बोलते तेव्हा ऐकावंसं वाटतं. गॉर्डन स्वतः एक शब्दही बोलत नाही, त्यामुळे सगळ्या संभाषणाचा भार तिच्यावर आहे; तरीही तिचे प्रश्न उत्तर न मिळाल्यामुळे लोंबकळत राहत नाहीत. लेखकांच्या टीममध्ये मार्क लेडलॉ, चेट फॅलिझेक आणि एरिक वोलपॉ होते, आवाज मेरल डॅन्ड्रिज यांचा.

कामाची वाटणीही विचार करून केलेली आहे. कुलूपबंद कंबाइन दारं आणि यंत्रं ॲलिक्स तिच्या अवजाराने उघडते. रोलरमाइन हे गोल, घरंगळत येणारे सुरुंग ती आपल्या बाजूला वळवते आणि त्यांचा रंग नारिंगी होतो. भौतिकशास्त्राची कोडी मात्र ती सोडवत नाही. वजन कुठे टाकायचं, तार कुठे जोडायची, हे खेळाडूनेच पाहायचं. शहरातल्या एका भागात ती वरून स्नायपर रायफल धरते आणि खेळाडू खाली उघड्यावर जाऊन शत्रूंना बाहेर काढतो. दोघांपैकी एकाने काम टाळलं तर ती जागा पार होत नाही.

‘लोलाइफ’: अंधारातली जुगलबंदी

गेमचे पाच अध्याय आहेत: ‘अनड्यू अलार्म’, ‘डायरेक्ट इंटरव्हेन्शन’, ‘लोलाइफ’, ‘अर्बन फ्लाइट’ आणि ‘एक्झिट १७’. पहिले दोन सिटाडेलमध्ये. तिथे वस्तू ओढणाऱ्या-फेकणाऱ्या ग्रॅव्हिटी गनला जादा ताकद मिळते, ती सैनिकांनाही उचलते आणि ऊर्जेचे गोळे पकडून गाभ्याच्या खोबण्यांत मारता येतात. नेत्रदीपक आहे, पण त्यातलं बरंचसं हाफ-लाइफ २ च्या शेवटी पाहिलेलं. खरी नवी गोष्ट तिसऱ्या अध्यायात आहे.

सिटाडेलमधून निघालेली गाडी रुळांवरून घसरते आणि दोघं भूमिगत बोगद्यांत आणि पार्किंगमध्ये अडकतात. दिवे नाहीत. सुरुवातीला गॉर्डनकडे ग्रॅव्हिटी गन आणि अंगातल्या संरक्षक सूटचा टॉर्च एवढंच, तर बंदूक ॲलिक्सकडे. इथे तिच्या नजरेला वेगळा नियम लागू होतो: टॉर्चच्या झोतात आलेला, फ्लेअर या जळत्या नळीच्या उजेडातला किंवा अगदी जवळ पोचलेला शत्रूच तिला दिसतो. म्हणून टॉर्च म्हणजे इथे नेम धरायचं साधन. ज्याच्यावर झोत टाकाल त्याच्यावर ती गोळ्या झाडते. झोत हलवलात की तिचा नेम सुटतो. टॉर्च विझवून लांब गेलात तर ती अंधारात हाका मारते.

अडचण अशी की टॉर्च, धावणं आणि पाण्याखालचा श्वास हे तिन्ही सूटच्या एकाच राखीव बॅटरीवर चालतात. टॉर्च चालू ठेवून धावलात की बॅटरी झपाट्याने उतरते आणि ऐन गर्दीत अंधार होतो. या अध्यायात बहुतेक खेळाडू मरतात ते इथे. करायचं ते असं:

रिकाम्या बोगद्यात टॉर्च बंद ठेवा, आवाज आला की लावा. टॉर्च लावलेला असताना धावू नका, आणि पळावं लागलंच तर आधी विझवा. झोत एका झोंबीवर तो पडेपर्यंत स्थिर धरा. तिघांवर आळीपाळीने फिरवलात तर तिघेही जवळ येतात. फ्लेअर दिसली की ग्रॅव्हिटी गनने उचला. ती बॅटरी खात नाही, उजेड देते, आणि झोंबीला टेकवली तर तो पेटतो. पेटलेला झोंबी चालत राहतो, त्यामुळे त्याच्यापासून मागे सरा, पण तो स्वतःच दिवा झालेला असतो आणि ॲलिक्सला त्याच्या मागचेही दिसतात.

सैनिकाचा झोंबी, ज्याला ॲलिक्स ‘झॉम्बाइन’ म्हणते, तो वेगळं प्रकरण आहे. जखमी झाला की तो हातात ग्रेनेड घेतो, त्याची पिन काढतो आणि तुमच्याकडे धावतो. घाबरून जवळून शॉटगन मारली तर तो मरतो, पण ग्रेनेड तुमच्या पायाशी पडून फुटतो. योग्य उपाय म्हणजे ग्रेनेडचा लाल ठिपका दिसताक्षणी ग्रॅव्हिटी गनने ग्रेनेड त्याच्या हातातून ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या घोळक्यावर भिरकावायचा. ओढायला उशीर झाला तर बाजूला पळा; तो सरळ रेषेत येतो.

अध्यायाच्या शेवटी लिफ्ट बोलवायची आणि ती येईपर्यंत अंधारात तग धरायचा. आधी आसपास फिरून फ्लेअर आणि स्फोटक पिंपं लिफ्टच्या दाराजवळ गोळा करा, मगच बटण दाबा. बटणानंतर सामान शोधायला वेळ मिळत नाही. पाठ दाराकडे ठेवा, पिंपं झॉम्बाइनसाठी राखा आणि ॲलिक्सपासून लांब जाऊ नका, कारण टॉर्च संपला तरी जवळ आलेल्याला ती लाथाबुक्क्यांनीही पाडते.

याआधी पार्किंगमध्ये अँटलायन या किड्यांची बिळं लागतात. बीळ उघडं आहे तोवर ते येतच राहतात, म्हणून गोळ्या वाया घालवू नका. बंद पडलेली मोटार ग्रॅव्हिटी गनने ढकलत नेऊन बिळावर आणा. ती अर्धवट बसली तर उपयोग नाही. तोंड पूर्ण झाकलं गेलं पाहिजे.

शेवटचा अध्याय का खटकतो

‘एक्झिट १७’ मध्ये नागरिकांचे गट एका इमारतीतून रेल्वे स्थानकापर्यंत पुन्हा पुन्हा पोचवायचे असतात. ॲलिक्ससाठी घेतलेली सगळी मेहनत इथे दिसत नाही. नागरिकांची प्रकृती भरून येत नाही, ते गोळीबारात उघड्यावर थांबतात, आणि तोच रस्ता प्रत्येक फेरीत परत कापावा लागतो. एकही नागरिक न गमावण्याचं वेगळं अचीव्हमेंट, म्हणजे गेममधलं मानचिन्ह, आहे. ते हवं असेल तर गट घेऊन निघण्याआधी एकट्याने पुढचा रस्ता मोकळा करा, मग परत या. आमच्या मते पूर्ण गेममधला हा सर्वांत कमकुवत भाग, आणि फरकाचं कारण स्पष्ट आहे: एका पात्रासाठी हाताने केलेलं काम चार-चार अनोळखी चेहऱ्यांना पुरत नाही.

एपिसोड टू: यादी वाढत गेली

एपिसोड टू १० ऑक्टोबर २००७ रोजी ‘ऑरेंज बॉक्स’ या संचात आला. त्याच संचात ‘पोर्टल’ आणि ‘टीम फोर्ट्रेस २’ होते. डेव्हिड स्पायरर यांच्या टीमने शहर सोडून मोकळी दरी, जंगलं आणि खाणी घेतल्या. त्यासाठी लांबवरचा देखावा, धूर-ठिणग्या दाखवणारी नवी कणप्रणाली आणि टॉर्चच्या सावल्या इंजिनमध्ये आल्या. पूल कोसळण्यासारखी दृश्यं आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गणित करून मग गेममध्ये चालवली, कारण इतके तुकडे प्रत्यक्ष वेळी मोजणं त्या काळच्या संगणकांना झेपलं नसतं. टॉर्चला स्वतंत्र बॅटरी मिळाली. हंटर हा नवा शत्रू आला, चालवायला मोटार आली आणि शेवटची मोठी लढाई आली.

ती लढाई अनेकांना अडकवते, म्हणून थोडक्यात. दरीतून स्ट्रायडर नावाची तीन पायांची उंच यंत्रं बंडखोरांच्या रॉकेटच्या तळाकडे येतात. एकही तळापर्यंत पोचून मारा करू शकला तर रॉकेट गेलं. त्यांच्यावर ‘मॅग्नसन डिव्हाइस’ हा चिकटणारा बाँब ग्रॅव्हिटी गनने फेकायचा आणि चिकटल्यावर पिस्तुलाने फोडायचा. मोटारीच्या मागे एक डिव्हाइस बसतं, बाकी दरीतल्या इमारतींमधून घ्यायची. लोक चूक करतात ती क्रमात: स्ट्रायडरवर आधी फेकतात आणि हंटर आपले फ्लेशेट म्हणजे बाणासारखे काटे मारून डिव्हाइस निकामी करतात. आधी हंटर संपवा. मोटार लांबून सरळ त्यांच्या दिशेने आणली तर ते बाजूला उडी मारतात. झाडाआडून किंवा वळणावरून गाठा. ओंडका ग्रॅव्हिटी गनने फेकणं बंदुकीपेक्षा भारी पडतं. मग स्ट्रायडरच्या जवळ जाऊन डिव्हाइस वर मारा, कारण ते कमानीत जातं आणि लांबून नेम खाली पडतो. एक डिव्हाइस वापरून झालं की तळाकडे परत निघण्याआधी नवं मोटारीला लावून ठेवा.

त्याच गेममध्ये बागेतला बुटका पुतळा सुरुवातीपासून रॉकेटपर्यंत नेण्याचं अचीव्हमेंट आहे. तो हरवतो तो बहुतेक वेळा लेव्हल बदलताना. नवी लेव्हल उघडताना बदलाच्या जागेजवळच्या वस्तूच पुढे नेल्या जातात, म्हणून सीमेजवळ आल्यावर तो हातात धरूनच पलीकडे जा.

गेमचा शेवट ॲलिक्सच्या वडिलांच्या, इलाय व्हान्सच्या मृत्यूवर होतो, आणि ‘बोरियालिस’ या हरवलेल्या जहाजाचा माग घ्यायचा बाकी राहतो.

तिसरा का थांबला

एपिसोड वनचा हिशेब एका नव्या गोष्टीचा होता. एपिसोड टूमध्ये नवं इंजिनकाम, नवी भूमी, नवा शत्रू आणि नवं वाहन एकत्र आलं. तिसऱ्याने याहून पुढे जायचं म्हणजे काम पूर्ण गेमएवढं, आणि नाव मात्र छोट्या भागाचं. थोडं काम झालं, मग लोक ‘लेफ्ट ४ डेड’ या दुसऱ्या गेमकडे वळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाफ-लाइफ २ ला २० वर्षं झाली तेव्हा व्हॉल्व्हच्या माहितीपटात या कामाचे काही तुकडे दिसले: बर्फाच्या भिंती उभारणारी बंदूक आणि आकार बदलणारा लिबलिबीत शत्रू. फक्त कथा संपवायची म्हणून भाग काढणं खेळाडूंना न्याय देणारं ठरलं नसतं आणि त्यातून नवं काय साधेल हे आपल्याला सापडलं नाही, अशी कबुली न्यूएल यांनी त्यात दिली. लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि २०१७ मध्ये त्यांनी नावं बदलून एक पत्र प्रसिद्ध केलं. त्यात कथा कुठे जाऊ शकली असती याचा आराखडा होता. मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ने एपिसोड टूच्या शेवटाला हात घातला, पण तो खेळायला व्हीआर हेडसेट लागतो.

आज खेळायचं असेल तर

२०२४ मध्ये, त्याच विसाव्या वर्षी, आलेल्या अपडेटनंतर स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात हाफ-लाइफ २ घेतला की दोन्ही एपिसोड त्याच्यातच मिळतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आजच्या साध्या लॅपटॉपवरही ते नीट चालतात. आधी हाफ-लाइफ २ पूर्ण करा. थेट एपिसोड वन सुरू केलात तर सिटाडेल, जी-मॅन, डॉग यातलं काहीच कळणार नाही. शूटर खेळण्याची फार सवय नसेल तर मधली काठिण्यपातळी ठेवा. सोप्या पातळीवर ‘लोलाइफ’मधला टॉर्चचा ताण निघून जातो. सबटायटल चालू ठेवा, कारण ॲलिक्सची मोलाची वाक्यं अनेकदा गोळीबाराच्या मध्ये येतात.

एकदा संपवल्यावर मेनूतून कॉमेंटरी सुरू करून पुन्हा खेळा. लेव्हलमध्ये हवेत तरंगणारे बुडबुडे दिसतात. जवळ जाऊन वापराची कळ दाबली की ती जागा ज्यांनी बांधली त्यांचा आवाज ऐकू येतो, कोणती कल्पना टाकून दिली आणि का, हे ते सांगतात. सगळा गेम असा खेळायला वेळ नसेल तर ‘लोलाइफ’ अध्याय निवडा आणि लिफ्टपर्यंतचे सगळे बुडबुडे ऐका.